हरवणार आहे, हरवली नाही

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सोसायटीचे चेअरमन माननीय श्री. रमाकांत राऊळ, सुट्टीच्या दिवशी वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या, मुख्याध्यापिका मीनाक्षीबाई, सचिव श्री. अवधूत परब, कमिटीचे सर्व सदस्य, सत्कारमूर्ती श्री. दत्ताराम तांबे, जुन्या चाळीपासूनचे आणि नव्या मजल्यांवरचे सगळे शेजारी, आणि सतरंजीवर पुढे बसवलेली पण एव्हाना मागे पळालेली सगळी मुलं, आपणा सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

मी प्रिती दत्ताराम तांबे. सत्कारमूर्ती माझे बाबा आहेत. मला असं सांगण्यात आलं होतं की मुलीने दोन शब्द बोलावेत, ते गोड बोलावेत आणि बटाटेवडे थंड होण्याआधी संपवावेत. यातली तिसरी सूचना पाळायचा मी प्रयत्न करीन.

बोलण्याआधी एक दुरुस्ती करायची आहे. तुमच्या हातात जी स्मरणिका आहे, तिच्यात मी बाबांवर एक लेख लिहिला आहे. त्यातलं शेवटचं वाक्य असं आहे: 'मी आठ वर्षांची असताना लालबागहून एकटी घरी आले, पण खरी एकटी नव्हतेच, कारण बाबा शेवटपर्यंत माझ्या मागे होते.' बऱ्याच जणांनी हे वाक्य आवडल्याचं सांगितलं. राऊळकाकांनी तर आत्ता प्रास्ताविकात ते वाचूनही दाखवलं.

ते वाक्य चुकीचं आहे. बाबा माझ्या मागे नव्हते. ज्यांच्याकडे पेन असेल त्यांनी कृपया ते खोडावं. मी विमा कंपनीत क्लेम तपासायचं काम करते. चुकीचं वाक्य छापलेलं राहिलं तर मला झोप लागत नाही. स्मरणिका छापून घरी आली तेव्हाच मला खरं कळलं, आणि गेले दोन दिवस मी अजिबात झोपलेली नाही. म्हणून आवाज कापला तर समजून घ्या. थोडा भीतीने कापतोय. बराचसा रागाने.

राग कशाचा, ते सांगते. त्यासाठी आधी हरवणी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण नव्या मजल्यांवर राहायला आलेल्या अनेकांना ते नीट माहीत नाही. माहीत नसताना त्यांनी त्यावर मतदान केलं आहे.

हरवणी हा बाबांचा शब्द. इथे घोडपदेवला आपली चाळ उभी होती तेव्हापासूनचा. रविवारी सकाळी बाबा गॅलरीत येऊन मोठ्याने विचारायचे, "आज कोण हरवतंय रे?" ज्या मुलाची पाळी असेल त्याला घेऊन ते बसने जायचे. कधी दादर, कधी गिरगाव, कधी थेट कफ परेडचं मच्छीमार नगर. तिथे उतरलं की बाबा म्हणायचे, "आता मी तुझा कोणी नाही. मला घरी ने." मग मूल पुढे आणि बाबा बरेच लांब, मागे. रस्ता मुलाने शोधायचा. बस त्याने धरायची. चुकायचंही त्यानेच.

नियम दोनच. पहिला, रस्ता एकाला विचारायचा नाही, दोघांना विचारायचा, कारण मुंबईत कुणीही 'माहीत नाही' असं म्हणत नाही. तो ठामपणे चुकीचा रस्ता सांगतो. दुसरा, मागे वळून बघायचं नाही. बघितलं की डाव संपला.

एवढंच. याला काही साहित्य लागत नाही. माझा धाकटा भाऊ सम्यक अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत हरवला होता. तिथल्या सगळ्या इमारती सारख्याच दिसतात. तो पहिल्यांदा रडला आणि मग त्याने एक युक्ती काढली. कुणाच्या दोरीवर काय वाळत घातलंय, ते लक्षात ठेवत गेला आणि बाहेर पडला. मच्छीमार नगरात मी एका मावशींच्या सुकत घातलेल्या बोंबलांना हात लावला होता. त्या ओरडल्या, "घ्यायचा नाय तं हात कशाला लावतंस गो?" मी घाबरून बाबांकडे बघणार, तेवढ्यात नियम आठवला. म्हणून त्यांनाच विचारलं, "मावशी, बस कुठून मिळते?" त्यांनी बसही सांगितली आणि एक बोंबीलही दिला. ओरडा खाऊन माणूस मरत नाही, हे मला तेव्हा कळलं. आता एवढी मोठी होऊनही ऑफिसात साहेब ओरडले की मी तो बोंबील आठवते.

बाबा स्वतः पालिकेत कारकून होते. शिक्षणतज्ज्ञ नव्हते. शाळेत जायच्या आधी त्यांनी मला आकडे शिकवले ते बसच्या पाट्यांवरून आणि अक्षरं शिकवली ती दुकानांच्या पाट्यांवरून. पहिलीत बाईंनी 'क'चा शब्द विचारला तेव्हा मी 'कटलरी' सांगितला होता.

आणि ते हे सगळं का करायचे? हौस म्हणून? त्यांनी मला फक्त एकदाच सांगितलंय. माझ्या आजोबांनी गावात कुठल्या वाटेने जायचं आणि कुठल्या वाटेवर पाऊल ठेवायचं नाही, हे दुसऱ्यांनी ठरवून दिलेलं होतं. मुंबईला येऊन गिरणीत लागल्यावरही आजोबा फुटपाथच्या कडेने चालायचे. कुणी सांगितलेलं नसताना. बाबा लहानपणी त्यांचं बोट धरून चालायचे आणि त्यांना त्याची लाज वाटायची, आणि लाज वाटल्याची पुढे जास्त लाज वाटायची. म्हणून मला ते म्हणाले, "रस्ता विचार. वाटेल तितक्यांना विचार. पण रस्त्यावरून चालू का, असं कुणाला विचारायचं नाही."

आज आपल्या गेटवर काय होतं? मूल बाहेर निघालं की बापाच्या मोबाइलवर विचारणा येते, सोडू का? बाप मीटिंगमध्ये असतो. मूल गेटवर उभं राहतं. थोड्या वेळाने कंटाळून वर जातं. असं दोनदा झालं की ते खाली येतच नाही. आणि मग हेच बाप मला लिफ्टमध्ये म्हणतात, "प्रिती, आमच्या मुलाला कॉन्फिडन्सच नाही गं." कुठून येणार? गेल्या उन्हाळ्यात आपल्या पार्किंगवरच्या पोडियमवर आत्मविश्वास वाढवण्याचं शिबिर झालं. खाली गादी, वर दोरी, आणि प्लास्टिकचा डोंगर. मुलं त्या डोंगरावर चढली, बापांनी फोटो काढले आणि घरी जाताना मुलांची पाण्याची बाटलीसुद्धा बापांनी धरली. जो मुलगा कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन "काका, पाव ताजे आहेत का?" असं विचारू शकत नाही, त्याला डोंगर कशाला? आधी पाव आणू द्या!

माफ करा. आवाज चढला. पाणी पिते.

आता मनूबद्दल बोलायचं आहे. मनू म्हणजे आपले सचिव अवधूत परब यांची मुलगी, वय वर्षं नऊ. ती इथे नाही. का नाही, तेही सांगते.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी बाबांनी सोसायटीच्या ग्रुपवर नेहमीसारखा मेसेज टाकला. 'उद्या मनू हरवणार आहे. सकाळी आठ वाजता गेटवर. हात हलवायला यावे.' जुन्या चाळीतल्या सगळ्यांना अर्थ कळला. पण बाराव्या मजल्यावरचे गणपतकाका, जे आपल्या सगळ्यांचं शुद्धलेखन प्रेमाने तपासतात, त्यांना वाटलं, तांबे घाईत चुकले. मराठीत माणूस भविष्यकाळात हरवतो का? काल हरवला, आज हरवला, असं असतं. उद्या कोण हरवणार? म्हणून रविवारी सकाळी त्यांनी क्रियापद दुरुस्त केलं. 'मनू हरवली आहे.' आणि मदत म्हणून गणपतीच्या कार्यक्रमातला तिचा परकर-पोलक्यातला फोटो जोडून तो पुढे पाठवला.

काका, तुम्ही दुसऱ्या रांगेत बसला आहात. तुमचा हेतू चांगला होता, हे मला माहीत आहे. तुम्ही घरी येऊन बाबांची माफीही मागितली. माझा राग तुमच्यावर नाही. तुमचं व्याकरणही बरोबर होतं. आमचाच शब्द व्याकरणात बसत नाही.

तर अर्ध्या तासात तो फोटो डोंबिवलीला मनूच्या मावशीकडे पोचला, तिथून ठाण्याला, आणि तिथून कसा कोण जाणे, लालबागच्या सिग्नलला एका माणसाच्या मोबाइलवर. मनू तेव्हा दादरहून बसने येऊन लालबागला उतरली होती. मुद्दाम उतरली होती, कारण पुढचा रस्ता तिला पायी करायचा होता. ती छान चालली होती, बाबा सांगतात. दोघांना रस्ता विचारून झाला होता आणि दोघांनी दोन वेगवेगळे सांगितले म्हणून ती तिसरा माणूस शोधत होती. इतक्यात त्या मोबाइलवाल्याने तिला ओळखलं आणि उचललं.

"अगं बाळा, तूच ना ती? हरवलीस ना?"

मनू म्हणाली, "मी हरवली नाहीये. मी हरवतेय!"

"घाबरलीय पोरगी. काहीतरी बोलतेय," कुणीतरी म्हणालं.

माणसं जमली. कुणी पाणी आणलं, कुणी बिस्किटं. सगळी चांगली माणसं. मनू सांगत राहिली की मला खाली ठेवा, मला घरी जायचंय, आणि ते तिला सांगत राहिले की रडू नकोस. तोपर्यंत ती रडत नव्हती. मग रडायला लागली.

बाबा पळत आले. ते म्हणाले, "मी आहे तिच्याबरोबर." एकाने विचारलं, "मग इतका वेळ लांबून काय बघत होतास? म्हाताऱ्या, पोरीच्या मागे मागे फिरतोस?" आणि त्याने बाबांची कॉलर धरली.

हे जेव्हा मी ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं की मी ओरडेन. मी ओरडले नाही. आज ओरडते आहे. ज्या माणसाने या इमारतीतल्या दोन पिढ्यांना रस्त्यावर चालायला शिकवलं, त्याची रस्त्यावर कॉलर धरली गेली! शर्टाचं बटण तुटलं. घरी येऊन बाबांनी ते स्वतःच शिवलं आणि आईला म्हणाले, "बसमध्ये तुटलं."

अवधूतदादा, मान वर कर. तुला मी लहानपणापासून दादा म्हणते, म्हणून स्टेजवर असलास तरी 'तू' म्हणते. तू बाइकवरून आलास, मनूला घेतलंस, लोकांना समजावलंस. सगळं बरोबर केलंस. पण बाबांची कॉलर सोडवताना तू काय म्हणालास? तू म्हणालास, "सोडा हो, आमच्या बिल्डिंगमधले आहेत."

बिल्डिंगमधले?

तू दहा वर्षांचा होतास तेव्हा राणीच्या बागेपासून हरवला होतास. हाकेच्या अंतरावरून. आणि उलट्या बाजूची बस पकडून गिरगाव चौपाटीला पोचलास! दुपारी उशिरा घरी आलास, हातात फुगा, मागून दमलेले बाबा. तुझी आई लाटणं घेऊन गॅलरीत उभी होती. "काय हो तांबे, पोरगं उपाशी मेलं असतं तर?" बाबा म्हणाले, "वहिनी, पोचला ना?" आणि तू काय म्हणालास, आठवतं? "आई, मला चौपाटीपण माहीत झाली!" आज तू परदेशातल्या लोकांशी सकाळसंध्याकाळ बोलतोस, कुठेही एकटा जातोस. ते तुला पोडियमवरच्या प्लास्टिकच्या डोंगराने शिकवलं का? त्या दिवशी लालबागला तुला म्हणता आलं असतं, "सोडा, यांनी मला वाढवलंय." तू म्हणाला नाहीस. घाबरला होतास. मीही घाबरट आहे, मला ते कळतं. पण बाबांना ते लागलं. ते बोलणार नाहीत, म्हणून मी बोलते.

आणि मग आला ठराव. मी तो शब्दशः वाचते. 'मुलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने बालविभागाचा रविवारचा बाह्य उपक्रम बंद करण्यात येत असून, बालविभाग प्रमुख श्री. दत्ताराम तांबे यांचा त्यांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल शाल व श्रीफळ देऊन यथोचित सत्कार करण्यात यावा.' एकाच वाक्यात बंदी आणि शाल. मध्ये साधा पूर्णविराम नाही!

राऊळकाका, मी समजू शकते. जग बदललंय, गाड्या वाढल्या, काय काय बातम्या येतात. तुम्ही म्हणालात, "उद्या खरंच काही झालं तर जबाबदार कोण?" प्रश्न योग्य आहे. हाच प्रश्न मला रोज रात्री पडतो. मी दाराची कडी तीनदा बघणारी मुलगी आहे. पण मी उलटाही प्रश्न विचारते. जे झालंय त्याला जबाबदार कोण?

कारण काहीतरी झालंच आहे. मनू आता खाली येत नाही. लिफ्टचं दार मधल्या कुठल्या मजल्यावर उघडलं तर आईच्या मागे लपते. तो फोटो अजून फिरतोय. परवा तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने तिला विचारलं, "तूच का गं ती, हरवलेली?" नऊ वर्षांच्या मुलीचं ते नाव पडलंय. आजही ती इथे का नाही? तर इथे खूप माणसं असतील म्हणून. ती रस्त्याला घाबरली नव्हती हो. ती वाचवणाऱ्यांना घाबरली. आणि आपण ठराव करून तिला अजून वाचवलं.

आता माझ्या त्या चुकलेल्या वाक्याकडे येते. शनिवारी स्मरणिका घरी आली. आई मेथी निवडत बसली होती. मी तिला लेख वाचून दाखवला. 'बाबा शेवटपर्यंत माझ्या मागे होते' हे ऐकलं आणि ती हसायलाच लागली.

"मागे? मागे कुठले गो?"

"म्हणजे?"

"अगो, तू येऊन, हातपाय धुऊन जेवलीस, तरी ह्यांचा पत्ता नाय. आले ते चपला हातात घेऊन. तोंड पांढरंफटक. दारातनं विचारतायत, पोरगी, पोरगी, आणि पुढचा शब्दच येईना."

आतून बाबांचा आवाज आला. "कौसल्या, गप बस."

"आता कशाला गप? अठ्ठावीस वर्षांची झाली ती."

बाबा बाहेर आले. ते म्हणाले, "शिंका आल्या."

"काय?"

"मिरची गल्लीत. मसाल्याचा सीझन होता. एक आली, दुसरी आली, थांबेनातच. डोळ्यांतून पाणी. डोळे उघडले तर तू नाहीस."

तुमच्यापैकी ज्यांनी लालबागला मसाला कांडून घेतलाय, त्यांना ती गल्ली माहीत आहे. मला तो दिवस स्वच्छ आठवतो. मी त्या गल्लीतून नाकाला फ्रॉक लावून चालले होते आणि मागून शिंका ऐकू येत होत्या. मी स्वतःशीच म्हणत होते, शिंकतायत, म्हणजे बाबा आहेत. पण त्या गल्लीत कोण शिंकत नाही? मी कुणा परक्या माणसांच्या शिंकांच्या भरवशावर लालबाग पार केलं! मग काळाचौकी. तिथे एका फुलवाल्याला आणि एका पोळीभाजीवाल्या काकूंना रस्ता विचारला. मोठा रस्ता ओलांडताना काकूंनी हात धरू का म्हटलं, तर मी ऐटीत म्हटलं, "नको, माझे बाबा मागे आहेत." त्यांनी माझ्या मागे बघितलं असेल. हात मागे घेतला. मी ओलांडला.

बाबा तोवर उलट्या दिशेला धावत होते.

संध्याकाळी मी त्यांना म्हटलं होतं, "बाबा, तुम्ही किती हळू चालता!" आणि ते म्हणाले होते, "हो गं, पाय दुखतायत." आणि पुढे हजारदा म्हणाले, "मी मागेच होतो."

मी शनिवारी त्यांना विचारलं, "मला सांगितलं का नाहीत?"

"तुला भीती वाटली असती."

"कधी? घरी पोचल्यावर?"

"नंतरची भीती जास्त वाईट असते, बाळा."

"कुणाची? माझी की तुमची?"

आईने मेथीची जुडी खाली ठेवली. सम्यकने टीव्ही बंद केला.

सभ्य स्त्री-पुरुषहो, सत्कारमूर्तींवर त्यांच्याच सत्कारात रागावणं शोभत नाही. पण मी रागावले आहे. बाबा, ते माझं होतं. तो रस्ता मी एकटीने पार केला होता आणि तुम्ही प्रेमाने तो तुमच्या नावावर ठेवलात. मी आयुष्यभर समजत आले की मला जमलं ते मागे कुणी होतं म्हणून. परीक्षेला जाताना मी सम्यकला गेटपर्यंत नेलं. दोन वर्षांपूर्वी ऑफिसने मला नागपूरला वरच्या जागेवर पाठवायचं ठरवलं, मी नाही म्हटलं. तुम्हाला वाटलं, आईसाठी. नाही. नागपूरला माझ्या मागे कोण असणार होतं? आणि खरं काय? लालबागलाही कोणी नव्हतं!

आपल्या भाषेत हरवणं या शब्दाला दोन अर्थ आहेत. माणूस हरवतो आणि माणूस दुसऱ्याला हरवतो. त्या दिवशी लालबागला मी बाबांना हरवलं. दोन्ही अर्थ घ्या. मी जिंकले होते, आणि ते मला कुणी सांगितलंच नाही.

म्हणून इथल्या सगळ्या बापांना माझं सांगणं आहे. मागे चाला. जरूर चाला, लांबून चाला, पण मागे चाला, पुढे नको. कधी शिंक येऊन तुमचे डोळे मिटतील, तेव्हा मूल तुमच्याविना चार पावलं जाईल. त्याने तुमचा जीव जाईल, मला माहीत आहे. माझ्या बाबांचा गेला होता. पण नंतर त्याला सांगा. बाळा, तिथून पुढे मी नव्हतो. ते तुझं तू केलंस. हे एक वाक्य तुमच्या शिबिराच्या फीपेक्षा स्वस्त आहे, आणि तेवढंच म्हणायला आपल्याला धीर होत नाही.

काल मी मनूकडे गेले होते. तिला सगळं सांगितलं, शिंकांसकट. ती खूप हसली. मग तिने विचारलं, "ताई, तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलमधून काढून टाकशील?"

"ते मला जमणार नाही."

"मग परत कुणी धरलं तर?"

"तर काय म्हणशील?"

तिने विचार केला. "म्हणेन, मी हरवतेय, तुमचं काय जातंय?"

"चालेल."

"तू मागे असशील?"

"काही वेळ असेन. मग थांबेन. कुठे थांबले ते त्याच संध्याकाळी सांगेन."

"आधी सांग ना."

"आधी सांगितलं तर ती हरवणी कसली?"

तिने दातांनी एक नख तोडलं. मग म्हणाली, "पप्पा हो म्हणाले तर."

अवधूतदादा, म्हणून हे मी घरी न बोलता इथे, सगळ्यांसमोर बोलते आहे. हरवणी पुन्हा सुरू होईल आणि पहिली मनू हरवेल, लालबागहून घरापर्यंत, मी गेले होते त्याच रस्त्याने. बाबा मागे असतील. आणि पुन्हा कुणाला एका म्हाताऱ्याची कॉलर धरावीशी वाटली, तर शेजारी मी असेन. मिरची गल्लीच्या तोंडाशी मी बाबांचा हात धरून त्यांना... नाही, कुठे थांबवेन ते सांगत नाही. मनूला घरात ऐकू जात असेल. ठराव मोडला म्हणून कमिटीला जी कारवाई करायची असेल ती माझ्या नावावर करावी. तुझ्या मोबाइलवर विचारणा येईल, मनूला सोडू का? बोट तुझं आहे. तू नाही म्हणालास तर मी तिला नेणार नाही, ती तुझी मुलगी आहे. पण मग बाबा आणि मी गेटच्या आत बाकावर बसू, आणि पुढच्या प्रत्येक रविवारी बसू, तू मीटिंगमधून बाहेर येईपर्यंत.

भाषण लांबलं. वडे थंड झाले असतील, तो दोष माझा. ही शाल देणाऱ्या कमिटीचे मी आभार मानते. बाबांना थंडी वाजते, ती उपयोगी पडेल, पण ती निरोपाची शाल आहे असं आम्ही घरी मानणार नाही. मीनाक्षीबाई, तुमच्या शाळेत 'क' कटलरीचा म्हणून मला पूर्ण मार्क दिल्याबद्दल इतक्या वर्षांनी धन्यवाद. गणपतकाका, भाषणातल्या व्याकरणाच्या चुका नंतर मला एकटीला सांगा. मोठ्यांसमोर आवाज चढवला, सत्कारमूर्तींना सुनावलं, त्याबद्दल लहान समजून पदरात घ्यावं. जे म्हटलं ते मात्र मागे घेत नाही.

आज सव्वीस जानेवारी. रविवारी सकाळी आठ वाजता, गेटवर. ज्यांना हात हलवायचा असेल त्यांनी यावं. मेसेज मी स्वतः टाकीन आणि क्रियापद भविष्यकाळातच ठेवीन. मनू हरवणार आहे, येत्या रविवारी, एक फेब्रुवारीला.